राहुटीतला मुक्काम

(नभोवाणीवरील भाषण)

'सुट्टीतील एक दिवस' ह्या विषयावर आपण बोलावे, असे नभोवाणीच्या मंडळींनी मला कळविले, तेव्हा प्रथम मला हसूच आले. अडतीस वर्षे मी शाळामास्तर होतो. मास्तरास सुट्ट्या पुष्कळ, असा लोकांत समज आहे. परंतु त्या सुट्ट्यांत खानेसुमारीचे कागद कोण भरतो, मतदारांच्या याद्या घेऊन घरोघर कोण हिंडतो, हे विचारण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. ते असो. सांगावयाचे एवढेच की, सहल म्हणून घराबाहेर पडून उघड्यावर रात्र काढण्याचा प्रसंग मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी प्रथम आला. आणि तोही चिरंजीवांच्या हट्टामुळे.

माझी सारी नोकरी आमच्या जिल्ह्याच्या पूर्व भागात, पाथर्डी तालुक्यात झाली. मी मॅट्रिक झालेला, पुढे शिक्षकाची सनद घेतलेली, साधा प्राथमिक शिक्षक. तिसरीच्या भूगोलात आपला जिल्हा शिकवावयाचा असतो. अहमदनगर, म्हणजे २०२४ सालापासून अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. त्याचा नकाशा भिंतीवर टांगून मी छडीचे टोक पश्चिमेस अकोले तालुक्यावर ठेवीत असे व म्हणत असे, "मुलांनो, येथे सह्याद्री. येथे कळसूबाई, उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. येथे घाटघर, तेथे वर्षास सुमारे दोनशे इंच पाऊस पडतो." मग छडी सरकत सरकत आमच्या गावावर येई. "आणि आपण येथे, पर्जन्यछायेत. आपल्यास वीस-बावीस इंच, तोही पडला तर." मुले हसत. दुष्काळाच्या वर्षी हसत नसत. हा धडा मी अडतीस वेळा शिकविला, पण छडीचे टोक जेथे टेकत असे तेथे माझे पाऊल कधी टेकले नव्हते. त्याला एक कारण होते. ते पुढे सांगतो.

चिरंजीव पुण्यास नोकरीस असतात. २०२४ सालच्या मे महिन्यात ते सहकुटुंब घरी आले आणि त्यांनी बेत मांडला तो असा: भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबू मिळतात, तेथे एक रात्र राहावयाचे व काजवे पाहावयाचे. मृगाच्या तोंडावर तेथील झाडे काजव्यांनी लखलखतात, हे मी वाचले होते. आमच्या मंडळींनी मात्र साफ विचारले, "देवाने घर दिले आहे ना? मग उघड्यावर निजण्याकरिता पैसे का मोजावयाचे?" ह्या प्रश्नास तर्कशुद्ध उत्तर नाही. परंतु नातू बारा वर्षांचा व नात आठ वर्षांची. त्यांच्या दोन जोड डोळ्यांपुढे तर्क टिकला नाही.

शनिवार, १ जून रोजी पहाटे आम्ही सहाजण मोटारीने निघालो. संगमनेर, अकोले मागे टाकले. राजूरला पेढे घेतले, कारण राजुरास जाऊन पेढे न घेणे ही गोष्ट आमच्या मंडळींच्या हिशेबी पंढरीस जाऊन विठोबा न पाहण्यासारखी आहे. दहाच्या सुमारास धरण दिसले. प्रवरेवरील ह्या दगडी धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. उंची सुमारे २७० फूट. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर विल्सन ह्यांचे नाव त्यास दिले गेले. ह्याच पाण्यावर पुढे संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडे ऊस उभा राहिला आणि १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी कारखाना निघाला. हे सर्व मी नातवास सांगत होतो. तो म्हणाला, "आजोबा, मग ह्या काठच्या लोकांना काय मिळालं?" हा प्रश्न तिसरीच्या पुस्तकात नाही. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण त्या मुलखात का ऐकू येते, ते मला त्याच दिवशी संध्याकाळी कळले.

रतनवाडीच्या वाटेवर, पाणी ओसरून उघड्या पडलेल्या जमिनीवर आमच्या दोन राहुट्या ठोकलेल्या होत्या. ज्याने त्या भाड्याने दिल्या तो गृहस्थ मेखा नीट ठोकल्याचे सांगून व पैसे मोजून घेऊन निघून गेला, तो पुन्हा दिसला नाही. त्याला मी फार दोष देत नाही; त्या मेखा किती नीट ठोकल्या आहेत हे पाहण्याचे काम माझेही होते.

दुपारी उष्मा विलक्षण होता. पश्चिमेचा वारा चारच्या सुमारास अकस्मात पडला. पान हलेना. तेवढ्यात डोक्यावर गोवऱ्यांची पाटी घेतलेली एक वृद्ध बाई वाटेने जाता जाता आमच्यापाशी थांबली. राहुट्यांकडे तिने क्षणभर पाहिले आणि ती म्हणाली, "बाबा, आज हितं नका ऱ्हाऊ. वारं फिरलंय. सांजच्याला येईल तो."

चिरंजीवांनी नम्रपणे आपला मोबाइल पुढे केला. त्यावर रात्रीपर्यंत कोरडे हवामान दाखविले होते. अर्थात तो अंदाज सकाळचा होता, कारण तेथे आल्यापासून यंत्रास संदेशच मिळत नव्हते. मीही पश्चिमेकडे हात करून म्हणालो, "मावशी, तिकडे तर ढगाचा ठिपका नाही." म्हातारी हसली. "तिकडून मिरगाचा येतो, बाबा. रोहिणीचा येतो तो माघारून," असे म्हणून ती चालती झाली.

आता पाहा. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, हे मी जन्मभर शिकविले. ते मोसमी पावसाचे खरे आहे. वळवाचे गणित निराळे. दिवसभर भाजून निघालेली जमीन, अरबी समुद्रावरून घाट चढून आलेली दमट हवा आणि वर थंड थर, एवढी सामग्री जमली की तासा-दोन तासांत ढग फुलकोबीच्या गड्ड्यासारखा वर वर फुगत जातो. आणि आमच्या बाजूस असे ढग पुष्कळदा पूर्वेकडून सरकत येतात. वळवाचे तडाखे पाथर्डीस मी दरसाल खात आलो होतो. तरी त्या क्षणी मला पुस्तक आठवले, अनुभव आठवला नाही. मास्तरकीचा हा रोग आहे.

साडेपाच वाजता नात म्हणाली, "आजोबा, मागे बघा." मागे पूर्वेकडे आभाळ शाईसारखे झाले होते. वीज चमकली. मी मोठ्याने आकडे मोजू लागलो. ध्वनीस एक किलोमीटर यावयास सुमारे तीन सेकंद लागतात, हा पाठ नातवास प्रत्यक्षात द्यावा असे मनात आले. पहिल्या वेळी बारा झाले. दुसऱ्या वेळी आठ. तिसऱ्या वेळी माझा पाच म्हणून होतो न होतो तोच कडकडाट झाला, आणि सूनबाई प्रथमच मला जरा तोडून बोलल्या, "बाबा, मोजणं पुरे. निघायला हवं."

त्यांचे बरोबर होते. विजेच्या वेळी राहुटी हा आसरा नव्हे. तिचे धातूचे दांडके उलट घातक. उंच झाडाखाली थांबू नये, उघड्या मैदानात उभे राहू नये, घर गाठावे किंवा बंद मोटारीत बसावे. मोटार दोन फर्लांग दूर, सडकेवर. म्हातारी गेली होती ती वाडी त्याहून जवळ. आम्ही वाडीकडे धावलो. धावता धावता मागे वळून पाहिले तो एक राहुटी मेखांसकट उचलली गेली आणि पतंगासारखी गोते खात पाण्याच्या दिशेने निघाली. तीत आमचे अंथरूण होते आणि राजूरचे पेढे होते.

वाडीत पोहोचलो तेव्हा कोणी 'या, बसा' म्हटले नाही. म्हणावयास सवड कोणास होती? घरापुढील अंगणात तरटांवर बाळहिरडा वाळत पसरलेला होता. चैत्र-वैशाखात डोंगर तुडवून गोळा केलेला हा कोवळा हिरडा औषधांच्या व्यापाऱ्यास विकावयाचा, आणि त्या पैशावर पावसाळ्याचे मीठमिरची, मुलांचे कपडे भागवावयाचे, अशी त्या खोऱ्यातील महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांची रीत आहे. हिरडा भिजला तर त्यास बुरशी धरते आणि व्यापारी भाव पाडतो. पलीकडे गोवऱ्यांची रास आणि गुरांची वैरण उघडीच होती. घरात माणसे चार: ती म्हातारी, तिचा मुलगा, सून आणि चौदा वर्षांचा नातू.

थेंब पडू लागले होते, टपोरे, रुपयाएवढे. आमच्या मंडळींनी पदर खोचला आणि तरटाचे एक टोक धरले. बस्स, तेवढेच पाहिले मी. मग कोण काय करीत होते हे सांगता येणार नाही. संगणकाखेरीज काही न उचललेले आमचे चिरंजीव पाठीवर पोती वाहत होते. दोघे नातू वैरणीच्या पेंढ्या गोठ्यात फेकीत होते. माझ्याकडे कोंबड्या हाकण्याचे काम आले. माझ्या वयास ते साजेसे होते, पण कोंबड्यांस शिस्त लावणे हे तिसरीच्या वर्गास शिस्त लावण्याहून अवघड असते. हिरड्याची शेवटची दोन तरटे भिजली. बाकीची आत गेली. मग पावसाने जे दार लावले ते तीन तास.

आत अंधार, चुलीचा उजेड, एका अंगास गुरे. आम्हां सहाजणांस कोरडी घोंगडी मिळाली व कोरा चहा मिळाला. म्हातारी आमच्या मंडळींस म्हणाली, "पोरी, केस पूस, पडसं होईल." बासष्टाव्या वर्षी कोणी पोरी म्हणेल ही अपेक्षा त्यांना नव्हती, त्या केस पुसत चुलीपाशी बसल्या व तेथून उठल्याच नाहीत. नागलीची भाकरी, हुलग्याचे कालवण आणि मिरचीचा ठेचा असा बेत झाला. सूनबाईंनी भाकरी थापण्याचा यत्न केला. त्या भाकरीचा आकार आमच्या जिल्ह्याच्या नकाशासारखा झाला, असे मी म्हणालो, आणि घर हसले.

घरधनी मितभाषी होता. भात काढून झाला की कुटुंबे नारायणगावच्या बाजूस मजुरीस जातात, टोमॅटो आणि कांद्याच्या कामावर, हे त्याने दोन वाक्यांत सांगितले. उन्हाळ्यात पाण्याकरिता धरणाच्या गाळात विहिरा खोदाव्या लागतात, हे तिसऱ्या वाक्यात. मला माझी पाथर्डीची मुले आठवली. दसरा झाला की त्यांचे आईबाप ऊसतोडीस निघत आणि बैलगाडीत भांड्यांबरोबर मुलेही जात. हजेरीपटावर माझ्या हाताने फुल्या पडत. ज्या मुलखात दोनशे इंच पाऊस पडतो तेथूनही माणसांस पोटासाठी बाहेर जावे लागते, हे माझ्या भूगोलात बसणारे नव्हते. डोंगरउतारावरून पाणी धावून जाते, खाली धरणात साठते, कालव्याने पुढे जाते. ज्यांच्या छपरावर ते पडते त्यांच्यापाशी फार थोडे राहते.

मी शिक्षक आहे हे नातीने एव्हाना सांगून टाकले होते. बाबाचे 'गुरुजी' झाले. तेव्हा घरची सून, वय पंचेचाळीसच्या आसपास, चुलीतले लाकूड सारीत म्हणाली, "मी दुसरीपातुर शिकले, गुरुजी. माझं माहेर त्या डोंगरापल्याड. आमचे मास्तर बदलून गेले, त्यांच्या जागी दुसरे येणार येणार म्हणाले. आलेच न्हाईत. दोन पावसाळे शाळेला कुलूप. मग उघडली, तंवर मी गुरांमागं लागले होते."

"कोणत्या साली?" मी विचारले.

"साल काय ठाव? थोरल्या भावाचं लगीन झालं त्या साली." घरधन्याने हिशेब करून सांगितले, एकोणनव्वद असेल.

श्रोतेहो, वर म्हटले ते कारण आता सांगितले पाहिजे. १९८९ सालच्या जून महिन्यात माझ्या हाती बदलीचा हुकूम पडला होता. गाव अकोले तालुक्यातील, ह्याच खोऱ्यातील. सडक नाही, पाऊस चार महिने, जनावराचे भय, अशा गोष्टी ऐकून मी हादरलो. चिरंजीव तेव्हा पाळण्यात होते. मी कोणाकोणाचे पाय धरले. दम्याचा दाखला मिळविला. मला दमा नव्हता, आजही नाही. तीन आठवड्यांत हुकूम रद्द झाला, आणि आम्ही घरी सत्यनारायण घातला. हे मी कोणापाशी बोललो नव्हतो. आज नभोवाणीवर बोलत आहे.

तिच्या माहेरच्या गावाचे नाव मी विचारले. ते माझ्या हुकुमावरील गाव नव्हते. एक ओढा ओलांडून अलीकडचे होते. तेवढ्यावर माझे समाधान व्हावयास हरकत नव्हती. परंतु मी ज्या गावी गेलो नाही, तेथे कोण गेला? त्याच्या जागी कोण? रद्द झालेले हुकूम एकाखाली एक असे सरकत जातात आणि शेवटी कोठेतरी एका शाळेस कुलूप लागते, हे खात्यात काम केलेल्या माणसास सांगावे लागत नाही. मी त्या बाईस काही बोललो नाही. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. एखाद्या वर्षी भात आला नाही असे सांगावे तसे तिने सांगितले होते. ताटातली भाकरी मला संपवता येईना, आणि टाकताही येईना.

साडेआठास पाऊस थांबला. घरचा मुलगा एका आश्रमशाळेत नववीस होता, सुट्टीकरिता आलेला. तो आमच्या नातवास म्हणाला, "चल, काजवे दावतो. बॅटरी लावायची न्हाई पण."

आम्ही सारेच निघालो. कृष्णपक्ष होता, अमावास्या चार-पाच दिवसांवर; ढग फाटून चांदण्या दिसत होत्या. ओढ्याकाठी एक उंबर आणि त्यामागे हिरडा, बेहडा, सादडा अशी झाडे. प्रथम दोन-चार ठिणग्या दिसल्या. मग एका फांदीवर उजेडाची लाट आली आणि ती शेजारच्या फांदीवर गेली. पाहता पाहता सारे झाड लागले. लागे, विझे, पुन्हा लागे. मला तुलना सुचत नाही, आणि कवींनी ह्या बाबतीत इतकी दिवाळी केलेली आहे की आणखी एक पणती लावण्याचे कारण नाही. नात कुजबुजत होती. तिला कुजबुजावयास कोणी सांगितले नव्हते.

आमच्या नातवाने पुस्तकी माहिती दिली: काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते, हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन उजेड पडतो, त्यात उष्णता जवळजवळ नसते, उडत चमकतात ते बहुधा नर, आणि ती मादीस घातलेली साद असते. आश्रमशाळेचा मुलगा ऐकून घेत होता. मग म्हणाला, "ह्याची अळी गोगलगाय खाती. म्या पायलीये. गोगलगायीच्या घरात शिरती नि तिथंच बसून खाती." हे आमच्या नातवास ठाऊक नव्हते. दोघे तेथेच उकिडवे बसून ओल्या पाचोळ्यात गोगलगाय शोधू लागले, आणि डोक्यावर एवढा सोहळा चालला असता त्या दोन शास्त्रज्ञांस त्याचे भानच राहिले नाही.

इतक्यात दूरच्या सडकेवर मोटारींची रांग लागली. दिव्यांचे झोत झाडीवरून फिरले आणि तेवढ्या भागातले काजवे मंद झाले. काजवे पाहावयास येऊन त्यांच्याच तोंडावर दिवे सोडणारी आपली शहरी माणसे! आम्हीही त्याच रांगेतले, केवळ पावसाने बाहेर काढलेले. वनखात्याने ह्या अभयारण्यात दिव्यांबाबत व वेळेबाबत निर्बंध घातलेले आहेत. ते पाळणे अवघड नाही.

सकाळी चिरंजीवांनी पैसे पुढे केले. म्हातारीने ते पाहिलेही नाहीत. उलट आमच्या मंडळींच्या ओटीत काळ्या भाताची पुरचुंडी घातली आणि "शिजवू नका, पेरा," म्हणाली. आम्हांस शेत नाही हे तिला सांगण्याचे धैर्य कोणास झाले नाही. बियाण्याचा हा जिव्हाळा त्या तालुक्याच्या मातीतलाच आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे ह्यांनी गावरान वाणांची बियाणे-बँक उभारली व २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, त्याही अकोल्याच्याच, आणि त्यांनाही शाळा लाभली नव्हती.

निघताना ती सून अंगणात भिजलेला हिरडा निवडीत होती. मान वर न करता तिने विचारले, "गुरुजी, ह्या वयात येतं का वाचायला?"

मी म्हणालो, "येते. मी येतो."

चिरंजीवांस वाटले, हे बोलण्यापुरते झाले. परंतु त्याच वर्षी सप्टेंबरात, भाताची लावणी उरकून बायकांस थोडी उसंत मिळते तेव्हा, मी एस.टी.ने राजुरास आणि तेथून पुढे गेलो. बारा दिवस राहिलो. पस्तीस वर्षे उशिरा का होईना, त्या खोऱ्यात मी हजर झालो. पाऊस बारा दिवसांत अकरा दिवस होता. धोतर वाळले नाही, खडू ओलावून मोडत होते, पाटीवर अक्षर उमटेना. मग आम्ही सुपातल्या राखेवर बोटाने अक्षरे गिरविली. प्रथम ती एकटी, मग शेजारच्या तिघी. बाराखडी झाली. जोडाक्षरांशी येऊन थांबलो. तिला आपले नाव लिहिता येते. त्यात जोडाक्षर नाही, हे आमचे भाग्य. नवऱ्याच्या नावात आहे, ते राहिले आहे.

पुढे भात कापणीस आला आणि कापणी होताच सारे नारायणगावकडे गेले. आता पुन्हा लावणीनंतरच गाठ पडेल. जोडाक्षरांची एक मोठ्या ठशाची पोथी मी हाताने लिहून ठेवली आहे आणि ओल लागू नये म्हणून ती मेणकापडात बांधली आहे. चिरंजीव म्हणतात, ह्या खेपेस आम्हीही दोन दिवस येतो. त्यांच्या आईने होकार दिला आहे. मात्र राहुटी घ्यावयाची नाही आणि पेढे तिच्या स्वतःच्या पिशवीत राहतील, ह्या दोन अटींवर.